हॉलिस्टर, जुलै १९४७ : मोटारसायकलस्वारावर बसलेला शिक्का आणि न तपासलेली कसोटी

कॅलिफोर्नियातील सॅन बेनिटो परगण्याचे मुख्य ठिकाण असलेले हॉलिस्टर हे १९४७ साली जेमतेम साडेचार हजार वस्तीचे शेतीप्रधान गाव होते आणि त्याच्या पोलीस दलात सात माणसे होती. त्या वर्षी अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाला, म्हणजे ४ जुलैच्या शुक्रवारला, जोडून आलेल्या सुट्टीत तिथे सुमारे चार हजार मोटारसायकलस्वार जमले. दारू पिऊन दंगा झाला, भर रस्त्यात शर्यती लागल्या, पन्नासच्या आसपास लोकांना अटक झाली आणि सुट्टी संपता संपता गाव पुन्हा शांतही झाले. प्रकरण एवढ्यावर थांबले असते, तर आज त्या परगण्याबाहेर कोणाला त्याची आठवणही उरली नसती. परंतु दोन आठवड्यांनी ‘लाइफ’ या खपाच्या साप्ताहिकात एक छायाचित्र छापून आले आणि मोटारसायकल चालवणारा माणूस म्हणजे गावाला उपद्रव, ही समजूत अमेरिकेत घरोघरी पोहोचली. पुढे ती समुद्र ओलांडून इतर देशांतही गेली.

या घटनेवर आजवर बरेच लिहिले गेले आहे, आणि त्यातील बहुतेक लेखन एकाच वादात अडकलेले आहे : दंगा खरा होता की वर्तमानपत्रांनी फुगवलेला होता. तो वाद महत्त्वाचा आहे आणि त्याचा विचार पुढे केलाच आहे. मात्र या प्रकरणाचा मला वाटणारा खरा धडा वेगळ्या ठिकाणी आहे. हॉलिस्टरनंतर मोटारसायकलस्वारांविषयी जे जे शिक्के तयार झाले, मग ते विरोधकांनी मारलेले असोत, स्वारांच्या संघटनेने दिलेले असोत किंवा काही टोळ्यांनी स्वतःच्या छातीवर मिरवलेले असोत, त्यांपैकी एकाही शिक्क्यात गाडी चालवण्याचा विचार नाही. खरा बाइकर कोण, या प्रश्नाची इतकी उत्तरे दिली गेली, आणि त्या उत्तरांत ब्रेक, वळण, रस्ता आणि अंतर यांना कुठेच जागा मिळाली नाही.

पार्श्वभूमी

अमेरिकन मोटरसायकलिस्ट असोसिएशन ही संघटना १९२४ साली स्थापन झाली. तिच्या मान्यतेने देशभर ‘जिप्सी टूर’ नावाचे मेळावे भरत असत. वेगवेगळ्या गावांचे क्लब आपापल्या ठिकाणाहून गाड्या चालवत एका ठरलेल्या जागी येत, तिथे मुक्काम करत, शर्यती आणि टेकडी चढण्याच्या स्पर्धा पाहत आणि परत जात. सर्वांत लांबून आलेल्या स्वाराला बक्षीस मिळे, आणि गणवेशाने सर्वांत नीटनेटक्या दिसणाऱ्या क्लबालाही मिळे. हे बारकावे मुद्दाम नोंदवतो, कारण पुढे जी प्रतिमा तयार झाली तिच्याशी त्यांचा काहीही मेळ बसत नाही. हॉलिस्टरला १९३०च्या दशकातही असे मेळावे झाले होते आणि व्यापाऱ्यांना ते हवेहवेसे वाटत. दुसऱ्या महायुद्धात त्यात खंड पडला आणि १९४७ साली ते पुन्हा सुरू झाले. शर्यतींची जागा गावाबाहेर, काही मैलांवरच्या बोलाडो पार्कात होती.

युद्धानंतरच्या दोन वर्षांत मात्र येणारा माणूस आणि त्याची गाडी, दोन्ही बदलले होते. सैन्यातून सुटून आलेल्या हजारो तरुणांना घरच्या शांततेत करमत नव्हते. सैन्यासाठी मोठ्या संख्येने बनवलेल्या हार्ले-डेव्हिडसन डब्ल्यूएलए गाड्या स्वस्तात विकायला निघाल्या होत्या. या जड गाड्यांचे पुढचे मडगार्ड काढून टाकायचे, मागचे अर्धे कापायचे, नको ते सामान उतरवून गाडी हलकी करायची, ही पद्धत रूढ होत होती. संघटनेच्या शिस्तीत न बसणारे नवे क्लबही निघाले होते. १९४६ साली स्थापन झालेला बूझफायटर्स हा त्यांपैकी एक, आणि त्याच्या संस्थापकांत युद्धावरून परतलेले सैनिक होते. अशा क्लबांतील मंडळींनी शर्यतीसाठी नावनोंदणी केलेली नसली, तरी ती हॉलिस्टरला आली होती. यजमान गावाने इतक्या गर्दीची कल्पना केलेली नव्हती. राहण्याच्या जागा लवकरच भरल्या आणि लोक बागांतल्या हिरवळीवर, अंगणांत आणि गवताच्या गंजींवर झोपू लागले.

तीन दिवस

गर्दीचे केंद्र गावचा मुख्य रस्ता, म्हणजे सॅन बेनिटो स्ट्रीट, हे होते. दारूचे गुत्ते तिथेच होते. मद्यपान वाढले तसे काही जण त्याच रस्त्यावर एकमेकांशी शर्यत लावू लागले, काहींनी गाड्या फूटपाथवर आणि गुत्त्यांत घातल्या, रिकाम्या बाटल्या रस्त्यात फेकल्या गेल्या आणि काचांचा खच पडला. सात पोलिसांना हे आवरणे शक्य नव्हते. अटक झालेल्यांवरचे आरोप मुख्यतः दारू पिऊन धिंगाणा घालणे, बेदरकारपणे गाडी चालवणे आणि शांततेचा भंग करणे असे होते. सुमारे साठ जण जखमी झाले, त्यांत तिघांच्या जखमा गंभीर होत्या. कोणाचा जीव गेला नाही. जाळपोळ किंवा लुटालूट झाली नाही. गुत्तेवाल्यांनी आपले दरवाजे नेहमीपेक्षा लवकर बंद केले.

शेवटी कॅलिफोर्निया हायवे पेट्रोलचे, म्हणजे राज्याच्या महामार्ग पोलीस दलाचे, तीस-चाळीस शिपाई अश्रुधुराच्या बंदुका घेऊन आले. त्यांनी जमावाला मुख्य रस्त्याच्या एका टप्प्यात एकत्र आणले, एका उघड्या ट्रकवर वाद्यवृंद बसवला आणि त्यांना नाचाची गाणी वाजवायला सांगितले. लोक नाचले आणि पांगले. बंदोबस्ताच्या इतिहासात इतका शहाणा निर्णय क्वचितच आढळतो. ज्या जमावाला ट्रकवरच्या नाचगाण्यात गुंतवून शांत करता आले, तो गाव लुटायला आलेला जमाव नव्हता, हे त्या अधिकाऱ्यांनी प्रत्यक्ष पाहून ओळखले होते. गावातील एका लोकप्रतिनिधीने तर नंतर असे म्हटले की, या कसरतपटूंनी गावापेक्षा स्वतःचेच अधिक नुकसान करून घेतले.

त्या विधानाकडे जरा थांबून पाहायला हवे. जखमींपैकी बहुतेक जण आपल्याच कसरतींत आणि शर्यतींत जखमी झाले होते. माणसांनी भरलेल्या रस्त्यावर, प्यालेल्या अवस्थेत, काचांच्या थरावरून दोन चाकी गाडी पळवणे याला मी तरी बंडखोरी म्हणणार नाही. दुचाकी चालवणाऱ्या कोणालाही ठाऊक असते की, रस्त्यावर सांडलेली वाळू, तेल किंवा काच याइतका जवळचा शत्रू त्याला दुसरा नसतो, आणि इथे तर तो शत्रू स्वारांनी स्वतःच्या हाताने अंथरला होता. म्हणून ‘काहीच घडले नव्हते, सगळे वर्तमानपत्रांचे कारस्थान होते’ ही काही मोटारसायकलप्रेमींची भूमिका मला पटत नाही. गैरवर्तन झाले होते, आणि त्यातले सर्वांत गंभीर गैरवर्तन गाडीवर बसूनच केलेले होते.

आता आकड्यांचा हिशेब करू. चार हजारांपैकी पन्नास म्हणजे सव्वा टक्का. अटक झालेले सगळेच बाहेरून आलेले स्वार होते असे धरले, तरी प्रमाण यापुढे जात नाही. उरलेल्या साडेअठ्ठ्याण्णव टक्क्यांहून अधिक लोकांनी गाड्या चालवत यावे, शर्यती पाहाव्यात, उघड्यावर झोपावे आणि परत जावे, यापलीकडे बातमी होण्यासारखे काही केले नव्हते.

एक छायाचित्र

‘सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकल’ने त्या दिवसांत ठळक मथळ्यांखाली बातम्या छापल्या. परंतु शिक्का बसला तो छायाचित्रामुळे. २१ जुलै १९४७ च्या ‘लाइफ’च्या अंकात पानभर छापलेल्या त्या चित्रात एक स्थूल तरुण हार्लेवर मागे रेलून बसला आहे, त्याच्या दोन्ही हातांत बाटल्या आहेत आणि गाडीच्या पुढच्या चाकाभोवती रिकाम्या बाटल्यांचा ढीग आहे. चित्र ‘क्रॉनिकल’च्या छायाचित्रकाराने काढलेले होते. गावातल्या चित्रपटगृहात प्रोजेक्टर चालवणारा एक माणूस त्या वेळी तिथे उभा होता आणि चित्राच्या पार्श्वभूमीला तो दिसतोही. त्याने पुढे सांगितले की, इकडेतिकडे पडलेल्या बाटल्या आधी गाडीखाली गोळा केल्या गेल्या आणि मग त्या तरुणाला गाडीवर बसवून चित्र घेतले गेले. ती गाडी त्या तरुणाची नव्हती, असेही अनेकदा सांगितले गेले आहे.

चित्र मांडून काढलेले होते की नाही हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी चित्रासोबतचा मजकूर अधिक विचार करण्यासारखा आहे. त्यात म्हटले होते की, ‘एका मोटरसायकल क्लबचे’ चार हजार सदस्य हॉलिस्टरमध्ये घुसले. वस्तुतः डझनावारी क्लबांचे लोक, कोणत्याही क्लबात नसलेले लोक, नवरा-बायको, मित्रांच्या जोड्या, शर्यतीत उतरणारे आणि नुसते पाहायला आलेले असे सगळे तिथे होते, आणि त्यांतील कित्येकांचे आपसात पटतही नव्हते. त्या एका वाक्यांशाने सगळ्यांना एका टोळीचे सभासद करून टाकले. समाजातील कोणत्याही गटावर शिक्का बसतो तेव्हा हीच गोष्ट प्रथम घडते : वेगवेगळी माणसे एकच मानली जातात, मग त्यांतील सर्वांत वाईट माणूस सर्वांचा प्रतिनिधी ठरतो.

आणि आणखी एक गोष्ट, जी इतक्या वर्षांच्या चर्चेत फार कोणी बोलून दाखवलेली नाही. त्या चित्रातली गाडी उभी आहे. मोटारसायकलस्वार म्हणून जगाला ज्याची ओळख करून दिली गेली, तो मनुष्य त्या क्षणी मोटारसायकल चालवत नव्हता. त्याला चालवता येते की नाही, किती येते, तो किती अंतर तोडून आला, हे त्या चित्रातून कळण्याचा काही मार्गच नाही.

उत्तरे : नाकारणे, मिरवणे, विकणे

पहिले उत्तर मोटारसायकलींच्या जगातूनच आले. एका मोटारसायकल मासिकाच्या संपादकाने ‘लाइफ’ला पाठवलेले निषेधाचे पत्र त्या साप्ताहिकाने ऑगस्टमध्ये छापले. त्यात त्याने चित्र रचलेले असल्याचा आरोप केला, गोंधळ झाल्याचे मान्य केले, पण तो चार हजारांतल्या लहानशा हिश्शाचा होता आणि त्याला गाडीशी संबंध नसलेल्या हुल्लडबाजांची व पैशांच्या मागे लागलेल्या गुत्तेवाल्यांची साथ होती, असे ठासून सांगितले. हे उत्तर प्रामाणिक होते. पुढे यातूनच, किंवा अशाच बोलण्यांतून, एक प्रसिद्ध समजूत वाढली की, अमेरिकन मोटरसायकलिस्ट असोसिएशनने ‘नव्व्याण्णव टक्के स्वार कायदा पाळणारे आहेत’ असे निवेदन काढले होते. असे निवेदन काढल्याची नोंद आपल्याकडे नाही, असे त्या संघटनेनेच नंतर सांगितले आहे. तरीही ते न निघालेले निवेदन इतके बलवान ठरले की, १९६०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत काही क्लबांनी ‘आम्ही उरलेले एक टक्का’ असे म्हणत पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचा बिल्ला जॅकेटवर शिवून घेतला.

या बिल्ल्याने पुष्कळांना भुरळ घातली आहे, म्हणून त्याविषयी स्पष्ट लिहिणे आवश्यक वाटते. समाजाने दिलेली शिवी उचलून तिचाच झेंडा करणे यात एक प्रकारची धमक असते, हे खरे. परंतु त्या बेडरपणामागे पुढे काय उभे राहिले तेही पाहिले पाहिजे. १९६५ साली कॅलिफोर्नियाचे महाधिवक्ते थॉमस लिंच यांनी हेल्स एंजल्स आणि तत्सम क्लबांवर अहवाल प्रसिद्ध केला, आणि आज अमेरिकेचा न्याय विभाग अशा काही क्लबांना संघटित गुन्हेगारी टोळ्यांमध्ये गणतो. एका क्लबाचा सभासद होणे, त्याच्या पाठीवरच्या चिन्हासाठी दुसऱ्या क्लबाशी हाणामारी करणे, त्यासाठी तुरुंगात जाणे, या साऱ्याचा निष्ठेशी संबंध असेल, दहशतीशी असेल. उत्तम गाडी चालवण्याशी मात्र त्याचा काहीच संबंध नाही. बिल्ला मिळण्यासाठी स्वाराला पावसात वळण नीट घेता आले पाहिजे, अशी अट कोणी घातल्याचे ऐकिवात नाही.

दरम्यान हॉलिस्टरवरून प्रेरित झालेला ‘द वाइल्ड वन’ हा चित्रपट डिसेंबर १९५३ मध्ये आला. ब्रिटनच्या परीक्षण मंडळाने त्याला १९६७ पर्यंत प्रमाणपत्र दिले नाही. त्यात नायक मार्लन ब्रँडोने चालवलेली गाडी ब्रिटिश बनावटीची ट्रायम्फ थंडरबर्ड होती, आणि अमेरिकेत ट्रायम्फ विकणाऱ्या वितरकांना आपल्या गाडीचे नाव अशा कथेशी जोडले जाण्याची धास्ती वाटली होती. पण झाले उलटेच. तिरकी टोपी आणि काळे चामडी जॅकेट ही बाइकरची वर्दी ठरली. चामडी जॅकेटचा मूळ उपयोग पडल्यावर अंगाची साल वाचवणे आणि थंड वारा अडवणे हा आहे. ज्यांनी ते चित्रपट पाहून विकत घेतले, त्यांतील किती जणांनी त्याच वेळी हेल्मेटचाही विचार केला असेल, याविषयी मला शंका आहे.

तिसरे उत्तर व्यापारातून आले, आणि माझ्या मते तेच सर्वांत परिणामकारक ठरले. होंडाने १९५९ साली लॉस एंजेलिसमध्ये आपली अमेरिकी शाखा उघडली. तिच्या ४९ सीसीच्या सुपर कब या गाडीला अमेरिकेत होंडा ५० म्हणत. हार्ले आणि ट्रायम्फच्या दुकानांत जाणारा माणूस ती घेणार नव्हता, आणि बाकीच्यांच्या मनात हॉलिस्टरचे चित्र बसलेले होते. १९६३ पासून कंपनीने ‘होंडावर तुम्हाला सर्वांत चांगली माणसे भेटतात’ या आशयाची जाहिरातमोहीम चालवली. तिची मूळ कल्पना कॅलिफोर्नियाच्या विद्यापीठातील एका विद्यार्थ्याची होती. जाहिरातीत गृहिणी, विद्यार्थी, तरुण जोडपी, नीटनेटक्या कपड्यांतले कर्मचारी अशी माणसे त्या लहान गाड्यांवर हसतमुखाने बसलेली असत. गाड्या प्रचंड खपल्या आणि मोटारसायकल मध्यमवर्गाच्या घरात शिरली.

या मोहिमेचे स्वागत करतानाही एक आक्षेप नोंदवावासा वाटतो. ‘लाइफ’च्या चित्राने कपड्यांवरून आणि बाटल्यांवरून वाईटपणा ठरवला होता, होंडाच्या चित्रांनी कपड्यांवरून आणि हास्यावरून चांगुलपणा ठरवला. पहिल्या शिक्क्याची शाई काळी होती, दुसऱ्याची गुलाबी. मोठ्या आवाजाची जड गाडी आणि चामडी जॅकेट असणारा, पण सिग्नल काटेकोर पाळणारा आणि रस्त्यात बंद पडलेल्या कोणत्याही गाडीजवळ थांबून मदत करणारा स्वार या दोन्ही चित्रांत बसत नाही, आणि असे स्वार तेव्हाही पुष्कळ होते.

सुपर कबच्या त्या आडव्या लहान इंजिनाची वंशावळ आपल्याकडेही आली आहे. १९८५ साली बाजारात आलेल्या हिरो होंडा सीडी १००चे इंजिन त्याच कुळातले होते. महाराष्ट्रातल्या गावोगावी दुधाच्या किटल्या दोन्ही बाजूंना टांगून, खड्डे आणि चिखल तुडवत, पहाटे न चुकता निघणाऱ्या गवळ्यांच्या एका पिढीने या गाड्या चालवल्या. त्यांना कोणी बाइकर म्हणत नाही आणि त्यांनाही तसे म्हणवून घ्यायचे नसते. परंतु वर्षाकाठी तोडलेले अंतर, ओझ्यासह राखलेला तोल आणि गाडीची स्वतः केलेली देखभाल या कसोटीवर मोजले, तर सुट्टीच्या दिवशी घाटात छायाचित्रे काढून परतणाऱ्या अनेकांपेक्षा तो गवळी या नावाला अधिक पात्र आहे, असे मी मनापासून म्हणेन.

चित्रात नसलेले स्वार

हॉलिस्टरच्या चर्चेत नव्व्याण्णव टक्के सभ्य आणि एक टक्का उनाड अशी विभागणी गृहीत धरली जाते, आणि संघटना ही सभ्यांची बाजू मानली जाते. ही विभागणी तपासली की तिच्याबाहेर राहिलेली माणसे दिसू लागतात. १९४७ साली अमेरिकन मोटरसायकलिस्ट असोसिएशनचे सभासदत्व कृष्णवर्णीयांना खुले नव्हते. हा वर्णभेदाचा नियम १९५०च्या दशकापर्यंत टिकला. म्हणजे जी संघटना आपल्या स्वारांवर समाजाने सरसकट शिक्का मारू नये म्हणून तळमळत होती, तिनेच दारात उभ्या असलेल्या स्वाराकडे पाहताना त्याची गाडी आणि त्याचे कसब न पाहता त्याचा वर्ण पाहिला होता.

बेसी स्ट्रिंगफिल्ड यांचे उदाहरण इथे फार बोलके आहे. या कृष्णवर्णीय स्त्रीने १९३०च्या दशकापासून अमेरिकेत एकटीने लांबचे प्रवास केले, पुढे मायामीत स्थायिक होऊन आयर्न हॉर्स नावाचा क्लब स्थापन केला आणि उतारवयापर्यंत त्या हार्ले चालवत राहिल्या. त्यांनी सांगितल्याप्रमाणे, दक्षिणेकडच्या राज्यांत त्यांना मुक्कामाला खोली नाकारली जाई, आणि मग त्या पेट्रोल पंपावर गाडी उभी करून, जॅकेटची घडी हँडलवर उशीसारखी ठेवून गाडीवरच झोपत. एका शर्यतीत जिंकल्यावर हेल्मेट काढून त्या स्त्री असल्याचे दिसताच बक्षीस नाकारले गेल्याचेही त्यांनी सांगितले आहे. हॉलिस्टरच्या हिरवळीवर झोपलेल्या तरुणांच्या बातम्या झाल्या, आणि जिला हिरवळीवर झोपणेही सुरक्षित नव्हते तिचे नाव त्याच संघटनेच्या ‘हॉल ऑफ फेम’ या सन्मानयादीत यायला २००२ साल उजाडले.

डॉट रॉबिन्सन यांची कहाणी तुलनेने सुखाची आहे. त्यांनी १९४० साली मिशिगनमधील जॅक पाइन या दोन दिवसांच्या खडतर सहनशक्ती-स्पर्धेत साइडकार गटात विजय मिळवला आणि त्याच वर्षी लिंडा ड्यूगो यांच्यासह ‘मोटर मेड्स’ हा स्त्री-स्वारांचा क्लब उभारला. या क्लबाच्या गणवेशात पांढरे हातमोजे होते. बायका गाडी चालवतात म्हणजे त्या वाह्यात असल्या पाहिजेत, हा समज त्यांना खोडायचा होता, म्हणून त्या मिरवणुकांत पांढरे हातमोजे घालून रांगेने गाड्या चालवत. तो समज खोडण्यासाठी जॅक पाइनमधला चिखल, ओढे आणि शेकडो मैल पुरेसे ठरायला हवे होते. ते पुरेसे ठरले नाहीत आणि हातमोजे लागले, याचे मला आजही वाईट वाटते.

कसोटी

मग खरा बाइकर कशावरून ओळखायचा? या प्रश्नाचे उत्तर देण्याचा सर्वांत गंभीर प्रयत्न कॅलिफोर्नियातच झाला, आणि तो करणाऱ्यांना बाइकरच्या व्याख्येत रसही नव्हता. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातील हॅरी हर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिस परिसरातील सुमारे नऊशे मोटारसायकल अपघातांचा जागेवर जाऊन तपास केला आणि जोडीला ३,६०० पोलीस अहवाल अभ्यासले. १९८१ साली प्रसिद्ध झालेला हा अहवाल आजही मोटारसायकल सुरक्षेच्या चर्चेत आधारभूत मानला जातो.

त्यातील निष्कर्ष शिक्क्यांच्या दोन्ही बाजूंना अडचणीत आणतात. मोटारसायकल आणि दुसरे वाहन यांच्या टकरींपैकी सुमारे दोन-तृतीयांश प्रसंगांत दुसऱ्या वाहनाच्या चालकाने मोटारसायकलचा वाट मिळण्याचा हक्क मोडला होता. समोरून येणारी मोटारसायकल त्याला दिसलीच नव्हती, किंवा फार उशिरा दिसली. अपघातापूर्वीचा मध्यक वेग, म्हणजे निम्मे स्वार ज्याहून कमी वेगात होते तो, ताशी २९.८ मैल, म्हणजे सुमारे ४८ किलोमीटर इतकाच होता. म्हणजे वेगाने उन्मत्त झालेला स्वार हे अपघाताचे सर्वसाधारण चित्र नव्हते. परंतु त्याच अहवालाने स्वारांनाही सोडले नाही. अपघातात सापडलेल्यांपैकी ९२ टक्के जण स्वतःच किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून गाडी शिकलेले होते. प्राणघातक अपघातांपैकी जवळजवळ निम्म्यांत दारूचा संबंध होता. निम्म्याहून अधिक जणांना त्या विशिष्ट गाडीचा पाच महिन्यांचाही अनुभव नव्हता.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो संकटाच्या क्षणाविषयीचा निष्कर्ष. धोका दिसल्यापासून टक्कर होईपर्यंत स्वाराला साधारणतः दोन सेकंदांहूनही कमी वेळ मिळतो. त्या वेळात बहुतेकांनी मागचा ब्रेक इतका जोरात दाबला की चाक घसरले, आणि ज्या पुढच्या ब्रेकमध्ये गाडी थांबवण्याची अधिक ताकद असते तो पुरेसा वापरलाच नाही. हँडल विरुद्ध दिशेला हलकेच ढकलून गाडी झटकन कलवणे आणि अडथळा चुकवणे, ही कला तर जवळजवळ कोणाकडेच नव्हती. त्या दोन सेकंदांत जॅकेटवरचा बिल्ला, गाडीची कंपनी, इंजिनाचे सीसी, क्लबातले पद किंवा स्वाराचा सभ्य चेहरा यांपैकी काहीही उपयोगी पडत नाही. तिथे हाताला आणि पायाला जे शिकवलेले असते तेवढेच उपयोगी पडते.

म्हणून या प्रकरणाच्या अभ्यासातून माझे मत असे बनले आहे की, बाइकर हे नाव वागण्यावर आणि कसबावर मिळवायचे असते, आणि ते दर प्रवासाला नव्याने मिळवावे लागते. हॉलिस्टरला आलेल्या चार हजारांत शेकडो मैल नीट गाडी चालवत आलेले, टेकडीची चढण चढलेले, दुसऱ्याची पंक्चर काढून दिलेले स्वार बहुसंख्येने होते. सॅन बेनिटो स्ट्रीटवर प्यालेल्या अवस्थेत शर्यत लावणारा मनुष्य कदाचित शुक्रवारी सकाळी यांच्याच रांगेत उत्तम गाडी चालवत आला असेल, आणि शनिवारी रात्री तो या नावाला पात्र राहिला नसेल. माणसावर कायमचा शिक्का मारण्याची सवय असलेल्यांना अशी रोज तपासावी लागणारी कसोटी गैरसोयीची वाटते. स्वारांनाही ती गैरसोयीचीच आहे, कारण बिल्ला एकदा शिवला की निभावते, तसे इथे होत नाही.

कॅलिफोर्निया राज्याने या कसोटीची व्यवस्था १९८७ साली केली. त्या वर्षी सुरू झालेल्या राज्याच्या मोटारसायकल प्रशिक्षण कार्यक्रमाची जबाबदारी हायवे पेट्रोलकडे देण्यात आली, आणि आज तिथे २१ वर्षांखालील कोणालाही हे प्रशिक्षण पूर्ण केल्याशिवाय मोटारसायकलचा परवाना मिळत नाही. वर्गातल्या धड्यांनंतर शिकणाऱ्याला मोकळ्या मैदानात नेले जाते. क्लच सोडणे, कमी वेगात तोल राखणे, वळणात नजर कुठे ठेवायची, दोन्ही ब्रेक एकत्र लावून कमीत कमी अंतरात थांबणे आणि समोर अचानक आलेला अडथळा चुकवणे या गोष्टी तिथे पुन्हा पुन्हा करून घेतल्या जातात, आणि शेवटी त्यांचीच परीक्षा होते.